अंगावरून पांढरं जातं, हा आजार आहे का?

तुम्ही लिहिलंय की रोज निकर ओलसर होते, डाग वाळल्यावर पिवळट दिसतो आणि पाळी झाल्यावर दहा-बारा दिवसांनी चिकट तारा येतात. खाज, आग, घाण वास यातलं काही नसेल तर हा आजार नाही. त्याने अशक्तपणाही येत नाही.

दिवसाला १ ते ४ मिलिलिटर, म्हणजे लहान चमचाभरही नाही, एवढा स्राव होणारच. योनीतले लॅक्टोबॅसिलस जीवाणू लॅक्टिक ॲसिड तयार करतात, त्यामुळे तिथला पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ३.८ ते ४.५ राहतो आणि इतर जंतूंना थारा मिळत नाही. पिवळट डाग हवा लागून वाळल्यामुळे पडतो. तारेचं म्हणाल तर ती दोन बोटांत धरून बोटं हळूहळू लांब करा. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी पारदर्शक आणि न तुटता ताणली जाणारी असेल, तर बीज बाहेर पडण्याचे दिवस आहेत. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं आणि स्राव कमी, दाट, पांढुरका होतो. गरोदरपणात तो एरवीपेक्षा जास्तच असतो.

प्रमाणापेक्षा बदलाकडे लक्ष द्या. दह्याच्या कवड्यांसारखा स्राव, प्रचंड खाज, पण वास जवळपास नाही, हे बहुधा बुरशीचं असतं; अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर किंवा साखर वाढलेली असताना जास्त होतं. पातळ, राखाडी स्राव आणि संबंधानंतर वाढणारा मासळीसारखा वास असेल तर जीवाणूंचं संतुलन बिघडलेलं असतं. हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव ट्रायकोमोनासचा, म्हणजे संबंधातून पसरणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीचा, असू शकतो. त्यात जोडीदारालाही औषध घ्यावंच लागतं, नाहीतर संसर्ग पुन्हा तुमच्याकडे येतो.

इथे सगळ्यात जास्त चुकतं ते अंदाजाने बुरशीचं क्रीम लावण्यात. जीवाणूंवर त्याचा उपयोग नाही, आठवडा मात्र वाया जातो. तसंच आतून धुऊ नका, व्हजायनल वॉशनेही नाही. उपयोगी जीवाणूच वाहून जातात आणि ज्या वासासाठी धुतलं तोच वाढतो. बाहेरून साधं पाणी पुरे.

ताप, ओटीपोटात दुखणं, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्ताळलेला स्राव, गरोदरपणात पाण्यासारखं वाहणं, यातलं काही दिसलं तर लगेच डॉक्टरांकडे जा. तपासणीच्या आधी २४ तास योनीत क्रीम किंवा गोळी ठेवू नका आणि संबंधही टाळा, नाहीतर नमुना नीट वाचता येत नाही.