वाचकांचे प्रश्न : दुहेरीतील आपले खेळाडू

प्रश्न : पेस-भूपती जोडीमुळे मला टेनिसची गोडी लागली. आता आपले खेळाडू परदेशी जोडीदारांसोबत खेळतात आणि जोड्याही बदलतात. त्यांचा मागोवा कसा ठेवावा?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : १९९९ मध्ये चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांची अंतिम फेरी गाठून फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन जिंकणारी जोडी ज्यांनी पाहिली, त्यांना ही अदलाबदल खटकणारच. मात्र दुहेरीची क्रमवारी प्रत्येक खेळाडूची स्वतंत्र असते आणि स्पर्धेतील प्रवेश साधारणतः दोघांच्या क्रमांकांच्या बेरजेवर ठरतो. त्यामुळे जवळपासच्या क्रमांकाचा भारतीय नसेल, तर परदेशी जोडीदार शोधावा लागतो. रोहन बोपण्णाने २०२४ ची ऑस्ट्रेलियन ओपन, वयाच्या ४३ व्या वर्षी, ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू एब्डेनसोबतच जिंकली. युकी भांब्री २०२५ च्या अमेरिकन ओपनच्या उपांत्य फेरीत पोहोचला, तो न्यूझीलंडच्या मायकेल व्हीनससोबत. म्हणून जोडी नव्हे, खेळाडू धरून निकाल पाहावेत. दोघे भारतीय एकत्र पाहायचे असतील, तर डेव्हिस कप या देशांच्या संघांमधील स्पर्धेच्या लढती चुकवू नयेत. निकाल वाचताना एक लक्षात ठेवावे : एटीपीच्या (पुरुष व्यावसायिक टेनिसच्या संघटनेच्या) नियमित दुहेरी स्पर्धांत तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक, म्हणजे छोटा निर्णायक डाव, होतो. निकालात शेवटी १०-८ दिसले, तर तो हाच.