गव्हाच्या 300 लाइन आहेत, बजेट कमी आहे, सगळ्यांचं होल जीनोम सिक्वेन्सिंग करावं का?

तुमच्याकडे कठिया गव्हाच्या, म्हणजे ड्यूरमच्या, 300 लाइन (प्रजननातले वेगवेगळे वंश) आहेत, आणि मार्कर, म्हणजे डीएनएवरच्या ओळखीच्या खुणा, हवेत ते निवडीसाठी. मग होल जीनोम, म्हणजे प्रत्येक लाइनचा सगळा डीएनए वाचणं, अजिबात करू नका. मी इंदूरला गव्हावरच काम करते, आमच्या माळव्यात कठिया बराच होतो, पुसाच्या (दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेच्या) इथल्या केंद्राचा एचआय 8498 हा कठिया वाण सगळ्यांना माहीत असतो, त्यामुळे ही अडचण रोजची आहे.

भाताचा जीनोम साधारण 40 कोटी अक्षरांचा, माणसाचा 300 कोटी, आणि पोळीच्या गव्हाचा जवळपास 1600 कोटी! पोळीच्या गव्हात ए, बी आणि डी असे तीन जीनोम एकत्र असतात, ड्यूरममध्ये डी नसतो म्हणून थोडा कमी, तरी 1000 कोटींच्या वर. आणि त्यातला बहुतेक भाग म्हणजे तेच तेच तुकडे पुन्हा पुन्हा, ते वाचायला पैसे का घालायचे? संदर्भ जीनोम, म्हणजे तुलनेसाठी आधीच वाचून ठेवलेला जीनोम, तयारच आहे, पोळीच्या गव्हाचा 2018 मध्ये आला आणि ड्यूरमचा, स्वेवो वाणाचा, 2019 मध्ये. तुम्हाला फक्त लाइन-लाइनमधला फरक हवाय.

त्यासाठी जीबीएस (जीनोटायपिंग-बाय-सिक्वेन्सिंग) करा, यात जीनोमचा थोडाच भाग वाचून फरक शोधतात. पीएसटी-वन आणि एमएसपी-वन या दोन एन्झाइमने डीएनए कापायचा. यातलं पीएसटी-वन मिथाइल (डीएनएवरची एक रासायनिक खूण) लागलेल्या जागी कापत नाही, आणि रिपीटवाल्या भागात मिथाइल भरपूर असतं, म्हणून तो कचरा बराचसा आपोआप बाजूला राहतो. मग प्रत्येक सॅम्पलला वेगळा बारकोड, म्हणजे ओळखीचा छोटा डीएनए तुकडा, जोडायचा, 96 सॅम्पल एका नळीत मिसळायचे आणि एकदम सिक्वेन्सिंग मशीनवर, नंतर कॉम्प्युटर बारकोड बघून वेगळे करतो.

पण खरं सांगू, वेळ मशीनवर जात नाही, डीएनएवर जातो. पान कोवळंच घ्या, दहा-पंधरा दिवसांच्या रोपाचं, जुन्या पानात पॉलिसॅकराइड इतकं येतं की शेवटी नळीत चिकट जेलीसारखं काहीतरी उरतं आणि एन्झाइम त्यात नीट कापतच नाही. डीएनए किती आहे ते मोजताना नॅनोड्रॉप या यंत्राच्या आकड्यावर विसंबू नका, आरएनए असला की तो जास्त दाखवतो, क्यूबिट या दुसऱ्या यंत्रावर मोजा आणि सगळे सॅम्पल एकाच कॉन्सन्ट्रेशनला आणा, नाहीतर प्लेटमधले (96 खाचांच्या ट्रेमधले) दोन-चार सॅम्पल सगळे रीड, म्हणजे मशीनने वाचलेले तुकडे, खाऊन टाकतात आणि बाकीच्यांच्या वाट्याला काहीच येत नाही. हे काम कंटाळवाणं आहे पण घाई करू नका हो, प्लीज.

डेटा आल्यावर एक नक्की बघा. गहू स्वपरागित, तुमच्या लाइन शुद्ध असतील तर हेटरोझायगस जागा, म्हणजे जिथे आई-बापाकडून आलेल्या दोन प्रती वेगळ्या आहेत, फारच कमी दिसायला हव्यात. एखादा एसएनपी (एका अक्षराचा फरक) निम्म्या लाइनमध्ये हेटरोझायगस दिसला तर तो बहुतेक फरकच नाही, ए आणि बी जीनोममधली सारखी दिसणारी जनुकं एकमेकांवर मॅप झालीत, सरळ काढून टाका. मिसिंग डेटा, म्हणजे न वाचल्या गेलेल्या जागा, जीबीएसमध्ये येणारच, तो इम्प्युटेशनने, म्हणजे आजूबाजूच्या माहितीवरून अंदाज करून, बराच भरता येतो.

आणि दर प्लेटमध्ये एकच चेक वाण, म्हणजे तुलनेचा ओळखीचा वाण, दोन वेगवेगळ्या खाचांत ठेवा. दोन्हींचे जीनोटाइप (मिळालेली डीएनए अक्षरं) जुळले नाहीत तर सॅम्पल अदलाबदल झालीय किंवा फिल्टर सैल आहेत, ते सापडेपर्यंत पुढचं अ‍ॅनालिसिस सुरू करू नका.