कोल्हापुरात छोटं दुकान आहे. विंडोज १० च्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं तर घरच्यांना जमेल का?

घरच्यांना जमेल, दुकानाचं तेवढं बघा. यूट्यूब, वीजबिल, लिब्रेऑफिसात (वर्डसारखं फुकट सॉफ्टवेअर) पत्रं, एवढंच असेल तर लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचा नवख्यांना सोपा प्रकार, बिनधास्त टाका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय. ४ जीबी रॅमवर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बरी चालते. मराठी कीबोर्डही सेटिंगमध्येच मिळतो.

खरी अडचण दुकानाच्या हिशोबाच्या टॅली सॉफ्टवेअरची. ते लिनक्सवर थेट चालत नाही. ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअरही चालत नाही, त्यामुळं उद्यमनगरातल्या कारखान्यांत ते वापरणाऱ्यांनी तर या वाटेला जाऊच नये.

आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून प्रिंटर, वायफाय तपासा. इन्स्टॉल करेपर्यंत हार्डडिस्क तशीच राहते. आणि हो, पुढं बिघडलं तर दुरुस्तीवाला बहुतेक विंडोजच टाकून देईल, घरात शिकणारं एखादं पोरगं हवं.