स्वस्त ड्रोननी शत्रूला धाक बसेल का?

प्रश्न असाय की 31 एमक्यू-9 ला (अमेरिकेचे मोठे, महागडे ड्रोन) बत्तीस हजार कोटी घालण्याऐवजी हजारो स्वस्त ड्रोन घेतले तर पाकिस्तान-चीनला जास्त वचक बसेल का. बसेल, पण ड्रोन इथे बनले तरच.

2023 ला कर्ज काढून चोपड्याकडे फवारणीचा ड्रोन आणला, दहा लिटर टाकीचा. मामा लष्करात एल-70 तोफेवर होते (विमानं पाडायची तोफ), आता रिटायर, अंगणात बघून म्हणाले, "हाई ते पोरेस्नं खेळनं शे." ऐन सप्टेंबरात, कपाशीवर बोंडअळी असताना, एक मोटर आणि तिचा ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, जळाला. विकणारा म्हणे चार दिवसांत पार्ट येईल, लागले 23 दिवस, कारण स्टिकर मेक इन इंडिया आणि आतला माल चीनच्या शेन्झेनचा. लोकांनी पाठीवर पंप घेऊन फवारलं, माझी 40 एकरांची बुकिंग गेली आणि मामांनी वर्षभर ऐकवलं.

मग मे 2025. सरकारच्या सांगण्यानुसार एका रात्रीत 36 ठिकाणी 300-400 पाकिस्तानी ड्रोन आले, आणि ते पाडण्यात एल-70 सुद्धा होती! मामांचा फोन आलाच. त्यांचं बरोबर आहे, स्वस्त ड्रोनला स्वस्त गोळाच परवडतो, वीस-चाळीस लाखांच्या इराणी शाहेद ड्रोनवर पंचवीस-तीस कोटींचं पॅट्रियट क्षेपणास्त्र उडवत बसलं तर कुणाचंही दिवाळं निघेल.

पण मामा, 1 जून 2025 ला युक्रेनने ट्रकांतून 117 ड्रोन रशियात आत नेऊन तळावर उभी बॉम्बर जाळली, ती खेळण्यांनीच ना? त्यांचेही बरेच पार्ट चिनी आहेत, मान्य, पण त्यांचं भांडण चीनशी नाही, आपलं आहे. आपण फेब्रुवारी 2022 ला तयार ड्रोनची आयात बंद केली आणि पार्ट मोकळे ठेवले, हीच खरी गोम. नागपूरला नागास्त्र हा आत्मघाती ड्रोन बनतो, वरणगावला गोळ्या बनतात, आणि विहिरीतली पाणबुडी मोटर रिवाइंड करणारी पोरं तर खान्देशात गावोगाव आहेत. पैसा तिथे घाला, मोटर, ईएससी, बॅटरी सेलमध्ये.

हां, एमक्यू-9 वाया नाही, 31 पैकी 15 नेव्हीचे आहेत, तीस तास समुद्रावर नजर ठेवणं छोट्या ड्रोनचं काम नाही. आणि जमीन धरायला माणूसच लागतो, जॅमिंग झालं, म्हणजे शत्रूने सिग्नल अडवला, तर स्वस्त ड्रोन पटापट पडतात.

यंदा माझी मोटर परत जळाली, अडावदच्या एका पोराने दोन दिवसांत रिवाइंड करून दिली. ईएससी मात्र अजून चीनमधूनच येतो.