वस्तू दिसते, पण तिची हालचाल दिसत नाही

प्रश्न : मेंदूच्या ठरावीक भागाला इजा झाल्यास वस्तू, रंग, चेहरे नीट दिसतात, परंतु हालचाल दिसेनाशी होते, असे वाचनात आले. डोळे शाबूत असताना हे कसे घडते? वस्तू आधी इथे आणि मग तिथे दिसली, की ती हलल्याचे आपोआप कळायला नको का?

उत्तर : कळते; मात्र ते दिसत नाही, आणि आपल्या प्रश्नाचे मर्म याच फरकात आहे. योझेफ त्सील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्युनिकमधील एका रुग्ण स्त्रीविषयी 1983 मध्ये सविस्तर लिहिले. मेंदूतील शिरेत रक्ताची गुठळी होऊन तिच्या मेंदूच्या मागच्या भागाला दोन्ही बाजूंना इजा झाली होती. तिला आकार आणि रंग ओळखता येत. परंतु कपात ओतला जाणारा चहा तिला गोठलेल्या बर्फासारखा दिसे, आणि त्याची पातळी चढताना दिसत नसल्याने नेमके कधी थांबावे हे कळत नसे. रस्ता ओलांडताना दूर असलेली मोटार एकाएकी जवळ आलेली असे. मोटार पुढे सरकली असणार, हा निष्कर्ष ती काढू शके, पण सरकणे तिच्या अनुभवात नव्हते. आवाजाची किंवा त्वचेवरील स्पर्शाची हालचाल मात्र तिला समजत असे, म्हणजे बिघाड केवळ दृष्टीपुरता होता.

याचे कारण असे, की गती ही मेंदू दोन स्थानांच्या तुलनेतून सावकाश ताडत नाही, तर थेट मोजतो. या कामात ‘व्ही ५’ किंवा ‘एमटी’ नावाच्या क्षेत्राचा मोठा वाटा असून, तेथील बहुतेक पेशी विशिष्ट दिशेने सरकणाऱ्या वस्तूलाच जोरदार प्रतिसाद देतात, तिच्या रंगाला फारसा नाही. निरोगी व्यक्तीच्या या क्षेत्रावर डोक्याबाहेरून चुंबकीय स्पंद दिले, तरी गती ओळखण्याची क्षमता क्षणभर मंदावते. हालचाल न दिसण्याच्या या दोषाला, म्हणजे गतिअंधत्वाला, ‘अकायनेटॉप्सिया’ हे नाव सेमीर झेकी यांनी 1991 मध्ये रूढ केले.

उलट प्रकारही आढळतो, आणि मला तो अधिक विलक्षण वाटतो. जॉर्ज रिडॉक यांनी 1917 मध्ये डोक्याला गोळी लागलेल्या सैनिकांची नोंद केली. त्यांच्यापैकी काहींना दृष्टिक्षेत्राच्या आंधळ्या भागात स्थिर वस्तू दिसत नसे, पण काहीतरी हलल्याचे जाणवे.

संपूर्ण गतिअंधत्व फार विरळ आहे, कारण त्यासाठी सहसा दोन्ही बाजूंची इजा लागते. एका बाजूची इजा झाल्यास दोष बहुधा सौम्य असतो आणि विरुद्ध बाजूच्या दृष्टिक्षेत्रात जाणवतो. हालचाल अचानक तुटक दिसू लागली, तर केवळ डोळ्यांच्या तपासणीवर न थांबता मेंदूविकारतज्ज्ञांना तातडीने भेटावे.