अडेनियमचा बुंधा मऊ पडल्यास

प्रश्न : आमच्या अडेनियमची पाने पिवळी पडून गळाली. झाड वाळते आहे असे समजून रोज पाणी घातले, तर आता फुगीर बुंधा एका बाजूने मऊ लागतो. झाड वाचेल का? आणि फांदी लावली तर तिला असाच बुंधा येईल का?

उत्तर : वाचू शकेल, मात्र पाणी ताबडतोब बंद करावे. अडेनियम हे सहाराच्या दक्षिणेकडील कोरड्या पट्ट्यातले, पूर्व आफ्रिकेतले आणि अरबस्तानातले झुडूप असून, पावसाचे पाणी जिथे क्षणभरही थांबत नाही अशा खडकाळ जागी ते वाढते. कोरड्या किंवा थंडीच्या दिवसांत पाने टाकायची आणि बुंध्यातल्या साठ्यावर तग धरायचा, ही त्याची रीत आहे. पाने नसताना मुळे फारच थोडे पाणी ओढतात. वरून घातलेले पाणी मातीत साचते, मुळे गुदमरतात आणि बुरशी शिरते. पानगळ दिसताच पाणी वाढवण्याचा मोह होतो, आणि बहुतेक अडेनियम त्यानेच दगावतात.

बुंधा बोटाने दाबून पाहावा. तो सगळीकडून सारखाच थोडा दबत असेल व वरून सुरकुतलेला असेल, तर झाड तहानलेले आहे. एकाच जागी लिबलिबीत लागून साल सुटत असेल आणि आतला गर तपकिरी असेल, तर ती कूज आहे. तुमच्या झाडाला कूजच लागलेली दिसते. झाड उपटून मुळांची माती झाडावी व धारदार सुरीने पांढरा, घट्ट गर लागेपर्यंत कापत जावे. प्रत्येक कापानंतर सुरी स्पिरिटने पुसावी. जखमेला बुरशीनाशकाची पूड लावून, ती सुकून टणक होईपर्यंत झाड सावलीत नुसते ठेवून द्यावे. याला आठवडा किंवा अधिकही लागतो. घाई करू नये. मग जाड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे भरपूर घातलेल्या मातीत ते लावावे, व नवी पालवी दिसल्यावरच बेताने पाणी सुरू करावे.

कापताना हातमोजे घालावेत. हे कण्हेरीच्या कुळातले झाड आहे. १७७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ फोर्स्कोल यांच्या वर्णनात तर त्याला कण्हेरीच्याच प्रजातीत घातले होते. त्याचा चीक हृदयाला घातक असून आफ्रिकेत तो बाणांना विष म्हणून लावला जात असे.

फांदीला मुळे फुटतात, फुलेही येतात. परंतु बियांपासून वाढलेल्या रोपासारखा गरगरीत बुंधा तिला सहसा येत नाही. तो हवा असेल तर जोडशेंगा तडकू लागताच, दोन्ही टोकांना केसांचे झुपके असलेले बी वाऱ्याने उडण्याआधी गोळा करून ताजेच पेरावे.