लोखंडी पट्टीला १० मिमीचं भोक पाडताना ड्रिलचं बिट निळं पडतं, धूर निघतो. बिट बदलावं का?

आधी वेग कमी करा आणि दाब वाढवा. बिट बहुतेक जास्त वेगामुळेच जळतंय. हायस्पीड स्टीलच्या (म्हणजे नेहमीच्या कठीण पोलादी) बिटाच्या कडेचा वेग साध्या लोखंडात मिनिटाला साधारण २५ मीटर धरतात. त्या हिशेबानं १० मिमीच्या बिटाला मिनिटाला ८०० च्या आसपास फेरे पुरतात, ३ मिमीच्या बिटाला मात्र २६०० चालतात. म्हणजे बिट जाड, तर वेग कमी. हातातल्या ड्रिलचा खटका पूर्ण दाबला की हे गणित कोलमडतं. सेंटर पंचनं (हातोडीनं ठोकायच्या टोकदार खिळ्यासारख्या हत्यारानं) खूण करा, आधी ३ मिमीचं भोक पाडा, तेलाचे दोन-चार थेंब सोडा आणि पट्टी शिकंज्यात आवळा, हातात धरू नका. कीस लांब, वळीदार निघाला तर वेग आणि दाब जमला. नुसती भुकटी पडली तर बिट कापत नाही, घासतंय. (ड्रिल उलटं फिरत नाही ना, तेही बघून घ्या. होतं असं!) बिटाचे बाहेरचे कोपरे गोल झाले असतील तर मात्र धार लावल्याशिवाय इलाज नाही. पट्टी स्टेनलेसची असेल तर वेग याच्याही निम्मा ठेवा.